दिंडीचा कर्णा : मोडीत द्यावा का नीट करावा?

शंभर वर्षांच्या या पुस्तकात विणेकऱ्यांवर, चोपदारांवर लिहिणारे पुष्कळ हायत. मी लिहितोय आपल्या पितळी कर्ण्यावर.

कर्णा मूळचा फौजेतला आन देवळातला. माउलींच्या पालखी सोहळ्याला आजची शिस्त लावली हैबतबाबा आरफळकरांनी. ते ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारच्या पदरी होते. अंकलीच्या शितोळे सरकारांचं त्यांना साह्य झालं. म्हणून घोडे, चोपदार, दिंड्यांचे क्रम हे सगळं लष्करासारखं. आपला कर्णा त्याच चालीतला.

आपल्या दिंडीत पहाटे पहिला कर्णा झाला की वळकट्या बांधायच्या, दुसऱ्याला सामान गाडीत टाकायचं, तिसऱ्याला वीणा पुढं निघायची. म्हातारी माणसं त्या आवाजाच्या भरवशावर निवांत निजायची. पुढं स्पीकर आला, आन कर्णा गोठ्याच्या आढ्याला लटकला तो लटकलाच.

शताब्दीसाठी खाली काढला, तर तोंडाजवळची झाळ सुटलेली, नळीला पोचे, आन पुढच्या फुलाच्या काठाला तीन चिरा. बैठकीत दोन तट पडले. तरणी पोरं म्हणाली, मोडीत द्या, नवा घ्या. जुनी माणसं म्हणाली, देव्हाऱ्यात ठेवा, हात लावू नका. मी म्हणालो, आधी त्याच्यात जीव किती हाय ते तर बघू.

बघायची रीत साधी हाय. एक टोक तळहातानं दाबायचं, नळी पाण्यात धरायची, दुसरीकडनं फुंकायचं. बुडबुडा निघंल तिथं भोक. मग रंग बघायचा. वरचा हिरवा कळंक पुसता येतो. पण पितळ जागोजाग तांबूस, भुसभुशीत झालं असंल तर त्यातलं जस्त निघून गेलंय, तिथं डाग धरत नाही. आपल्या कर्ण्याला कळंक होता, तांबूसपणा नव्हता. नळी शाबूत होती.

मग चिरा कशानं पडल्या? काही लोक म्हणत, पडून राहिला म्हणून देव कोपला. गावातल्या एका शिकलेल्या पोरानं खरं कारण सांगितलं. ठोकून घडवलेल्या पितळेत ताण राहतो. त्याला जनावरांच्या मुतातला उग्र अमोनिया आन पावसाळी ओल लागली की ते चिरतं. इंग्रजांच्या अमलात तबेल्याजवळ ठेवलेली पितळी काडतुसं पावसाळ्यात अशीच तडकायची. १९२१ साली त्यांच्या धातुतज्ज्ञांनी हे कारण मांडलं. कर्ण्याचा घात गोठ्यानं केला, देवावर आळ कशाला?

तांबट म्हणाला, प्रत्येक चिरेच्या टोकाला बारीक भोक पाडू, म्हणजे चीर पुढं पळणार नाही. ताव देऊन पितळ नरम करू, आतून पट्टी लावून झाळू. पण घासून चकचकीत करू नका. काठावर देणाऱ्या घराचं नाव कोरलंय, ते आधीच चिंच-राखेनं निम्मं झिजलंय. पितळही पातळ झालंय.

खर्च नव्या कर्ण्यापेक्षा थोडाच कमी. मग सगळे गप्प झाले. कारण पेटीतला पैसा अन्नदानाचा. वाटेवरच्या वारकऱ्याच्या ताटातली भाकरी काढून पितळ झाळायचं, हे विठ्ठलाला कसं आवडंल? ठरलं असं की अन्नदानाला हात लावायचा नाही, वर्गणी वेगळी काढायची. आन एक अट घातली. वाजवणारा मिळाला तरच दुरुस्ती, नाहीतर तो जसा हाय तसा मंदिरात ठेवायचा. नुसता झाळलेला कर्णा काय कामाचा? त्याला छाती लागते.

ज्या घरात कर्णा वाजवायची चाल होती, त्या घरचा नातू उठला. म्हणाला, "बाबा, मी शिकतो." तिथंच निकाल लागला.

आता कर्णा मंदिराच्या कोरड्या खोलीत राहील, कापडात गुंडाळून. यंदाच्या वारीत पहाटे तीनदा वाजंल. आवाज पहिल्यासारखा खणखणीत नसंल, पट्टीचा आवाज थोडा दबतोच. तरी वळकट्या त्याच्यावरच बांधायच्या.

मायबापहो, तुमच्या घरी जुना टाळ, झांज, शिंग असंल तर मोडवाल्याला देण्याआधी एकदा वाजवून बघा. आन वाजवणारा घरात कोण हाय, तेही बघा.