तेलाचा मक्ता आणि मुंबईचा फिटर



कोकणातल्या आपल्या कुठल्याही मोहल्ल्यात जा, ज्या घरातून कोणीच आखातात गेलेले नाही असे घर शोधावे लागेल. माणूस कतारला असो वा दम्मामला, घरची मंडळी मात्र "दुबईला असतो" असेच सांगतात. ही वाट १९७३ नंतर उघडली, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. ती वाट त्यापूर्वी साठएक वर्षे एका कंपनीने पाडली आणि त्या वाटेवर कोणी कोठल्या पायरीवर उभे राहावयाचे, हेही बव्हंशी तिनेच ठरविले.

१९०१ साली इराणच्या शहाने विल्यम नॉक्स डार्सी या इंग्रज धनिकास साठ वर्षांसाठी तेलाचा मक्ता दिला. इराणच्या सरकारला नफ्यातील सोळा टक्के मिळावयाचे होते. १९०८ मध्ये मस्जिद-ए-सुलेमान येथे तेल लागले, १९०९ मध्ये अँग्लो-पर्शियन ऑइल कंपनी उभी राहिली आणि १९१४ मध्ये खुद्द ब्रिटिश सरकारने तिचे निम्म्याहून अधिक भाग विकत घेतले. आज जगभर 'बीपी' या नावाने ओळखली जाते ती हीच कंपनी. समुद्राजवळ आबादान येथे तिने तेल शुद्ध करण्याचा प्रचंड कारखाना उभारला.

आता विचार करा. भांडवल लंडनचे, तेल इराणचे, मग हात कोणाचे? खोदाई-हमालीसाठी स्थानिक माणूस होता. परंतु बॉयलर सांभाळणारा, नळ जोडणारा, हिशेब लिहिणारा माणूस तेथे मिळेना. इंग्रज कारागीर आणावा तर त्याचा पगार, बंगला, रजा, सारेच महाग. हिंदुस्थानात मात्र रेल्वेच्या वर्कशॉपांतून आणि गोद्यांतून तयार झालेले फिटर, सुतार, लोहार व कारकून होते. कंपनीची पालक असलेल्या बर्मा ऑइल कंपनीच्या रंगून येथील कारखान्यात तेलाचे काम जाणणारे हातही होते. मुंबई-कराचीहून जहाज थेट इराणी आखातात जाई. शिवाय हा माणूस कराराने बांधलेला. करार संपला की परत.

अशा रीतीने तीन पायऱ्या तयार झाल्या. वर युरोपियन साहेब, मध्ये हिंदी कारागीर व कारकून, खाली इराणी व अरब मजूर. पगार वेगळे, राहण्याच्या वस्त्याही वेगळ्या. मधल्या पायरीवरचा माणूस सुखी होता असे समजू नका. १९२० च्या डिसेंबरात आबादानच्या हिंदी कामगारांनी पगारासाठी संप केला, इराणी कामगारही त्यांना येऊन मिळाले आणि कंपनीला पगार वाढवावे लागले. १९२२ मध्ये पुन्हा संप झाला. या वेळी तो मोडून काढण्यात आला आणि बऱ्याच हिंदी कामगारांना जहाजात बसवून मायदेशी धाडण्यात आले. पुढे १९३३ च्या नव्या करारात परदेशी नोकर क्रमाक्रमाने कमी करण्याचे कलम इराणने घालून घेतले. त्यात त्यांचे काय चुकले? स्वतःच्या मुलुखात सर्वांत खालची पायरी कोणाला आवडेल?

अरब किनाऱ्यावर हेच चित्र पुन्हा उमटले. बहारीनमध्ये १९३२ मध्ये तेल लागले. ते काढणारी कंपनी अमेरिकन मालकीची होती, तरी ब्रिटिश वर्चस्वामुळे तिची नोंदणी कॅनडात करावी लागली आणि शक्यतो बहारीनची किंवा ब्रिटिश प्रजा कामावर घ्यावी, अशी अट पडली. आपण त्या काळी ब्रिटिश प्रजाच होतो! त्या अटीतून हिंदी माणसाला दार मोकळे झाले. चलनही आपलेच, कारण त्या किनाऱ्यावर रुपया चाले. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी निराळा रुपया काढला. १९६६ साली रुपयाचे अवमूल्यन झाले आणि लवकरच कतार, दुबईसारख्या मुलखांनी तो सोडून दिला.

मग १९७३ आले. पिंपामागे सुमारे तीन डॉलर असलेला तेलाचा भाव काही महिन्यांत साडेअकरा डॉलरच्या वर गेला. मक्तेदार कंपन्यांचा काळ ओसरू लागला, पैसा अरब सरकारांच्या हाती आला आणि बंदरे, रस्ते, शहरे बांधण्यासाठी जगभरचे कंत्राटदार धावले. सौदी अरबस्तानातील जुबैल बंदराचे मोठे काम १९७६ मध्ये दक्षिण कोरियाच्या ह्युंदाई कंपनीने मिळविले. रत्नागिरी आणि कुलाबा (आजचा रायगड) जिल्ह्यांतील ज्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या बोटीवर खलाशी पाठविले, त्या घरांची मुले आता विमानाने निघाली. गावोगाव चिरेबंदी बंगले उठले. त्यांपैकी कित्येकांना आज कुलूप आहे, हा वेगळा विषय.

मालक बदलला, पायऱ्या मात्र राहिल्या. कंपनीच्या कराराची जागा कफीलने घेतली. व्हिसा त्याच्या नावावर आणि नोकरी बदलणे बहुतांशी त्याच्या मर्जीवर. अलीकडे काही देशांनी हे नियम सैल केले आहेत. १९९० च्या ऑगस्टात इराकने कुवेतवर स्वारी केली तेव्हा तेथे सुमारे पावणेदोन लाख भारतीय होते. त्यांतील एक लाखाहून अधिक लोकांना विमानांनी परत आणावे लागले. अनेकांची आयुष्यभराची कमाई तेथील बँकांत आणि दुकानांत अडकली.

आपल्या सरकारने १९८३ मध्ये परदेशी नोकरीस जाणाऱ्यांसाठी कायदा केला. त्यानुसार कमी शिकलेल्या माणसाच्या पासपोर्टवर तपासणीची नोंद असते आणि आखातासारख्या देशांत नोकरीला निघताना सरकारी अधिकाऱ्याची मंजुरी घ्यावी लागते. दहावी उत्तीर्ण झालेल्यास ती लागत नाही. नववीतून मुलाला काढून एजंटाकडे नेणाऱ्या पालकांनी हा फरक ध्यानात घ्यावा. दहावी झालेल्या मुलांनी त्याची दुसरी बाजूही पाहावी: मंजुरी नाही, म्हणजे कागद पाहणारा अधिकारीही नाही. पगार कोणत्या चलनात, जादा कामाचा दर काय, परतीचे तिकीट कोणी काढावयाचे, हे करारनाम्यात वाचणारा तो स्वतःच.