इंदूरची ड्यूसेनबर्ग आणि मिलानची अल्फा

आज कावेरीकाठी, तिरुवैयारूहून बोलतोय. काल इथून जवळच तंजावूरला सरस्वती महाल ग्रंथालय पाहिलं. सरफोजीराजांनी जमवलेल्या पोथ्या दोनशे वर्षांनंतरही जागेवर आहेत. ते पाहताना महाराष्ट्राबाहेरचा दुसरा मराठी राजा आठवला, इंदूरचे यशवंतराव होळकर दुसरे. त्यांना मोटारींचा शौक होता.

1930 च्या दशकात त्यांनी अमेरिकेची ड्यूसेनबर्ग एसजे घेतली. चासी इंडियानापोलिसची, वरची बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगची, रंग केशरी आणि काळा. पुढच्या-मागच्या चाकांत जवळपास 3.9 मीटर अंतर, आणि मुख्य बैठक दोघांपुरती!

तिच्या शेजारी त्याच काळातली इटलीची अल्फा रोमिओ 8सी 2900बी ठेवून पाहू. दोन्ही गाड्यांना एका ओळीत आठ सिलिंडर. दोन्हींना सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात जोराने हवा कोंबणारं यंत्र. पण ड्यूसेनबर्गचं इंजिन 6.9 लिटरचं, ताकद 320 अश्वशक्ती. अल्फाचं 2.9 लिटरचं, ताकद 180. मग अमेरिकन गाडी सरस? थांबा. ड्यूसेनबर्गचं वजन दोन टनांहून जास्त, अल्फाचं सव्वा टनाच्या आसपास. टनामागे हिशेब केला, तर दोघींची ताकद जवळजवळ सारखीच भरते.

हा फरक देशांमुळे पडला. अमेरिकेत पेट्रोल स्वस्त, रस्ते सरळ आणि लांब. गिऱ्हाईक म्हणजे हॉलिवूडचे नट आणि उद्योगपती. इटलीत पेट्रोल महाग, रस्ते घाटांचे. मिले मिलिया ही शर्यत तर साध्या रस्त्यांवरून सुमारे 1600 किलोमीटर चालायची. तिथे वळणावर गाडी सावरणं महत्त्वाचं. म्हणून अल्फाच्या चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन होतं. 1938 साली याच मॉडेलच्या शर्यतीच्या गाडीने मिले मिलिया जिंकली.

आम्हा फौजी माणसांना हा वाद जुना वाटतो. पानिपताआधी तोफखान्यावर भिस्त ठेवायची, की हलक्या घोडदळाने गनिमी कावा करायचा? मल्हारराव होळकर घोडदळाच्या बाजूचे होते. गंमत अशी, की त्यांच्याच गादीवरच्या राजाने मोटारींतला तोफखाना निवडला! पण दोष कशाला द्यायचा? तोफ असो वा घोडा, जमीन पाहूनच निवडायचा. आपापल्या जमिनीवर दोन्ही गाड्या बरोबरच होत्या.

पुढे काय झालं? ड्यूसेनबर्ग खासगी उद्योगसमूहाची होती. समूह कोसळला आणि 1937 मध्ये कंपनी बंद पडली. अल्फा 1933 पासून इटलीच्या सरकारी संस्थेच्या हाती होती, ती तगली. यशवंतराव 1961 मध्ये वारले. त्यांची केशरी-काळी गाडी इंदुरात राहिली नाही, ती अमेरिकेत परत गेली. आज जगभरचे संग्राहक तिचं नाव घेतात, पण इंदूरच्या पोराला ती चित्रातच पाहावी लागते.

सरफोजींचा संग्रह 1918 मध्ये लोकांसाठी खुला झाला, म्हणून काल मला तो पाहता आला. पोथी असो वा मोटार, राजाचा शौक राजाबरोबर संपतो. मागे राहतं ते लोकांच्या हाती सोपवलेलं. तुमच्या घरी आजोबांची जुनी गाडी, कागद, फोटो असतील, तर विकण्याआधी एवढं आठवा.