उंबरठा ते कचराकुंडी

घरचा कचरा दारातून नेण्यासाठी दरमहा पैसे मोजण्याची पद्धत महाराष्ट्रातल्या अनेक शहरांत आता रुळली आहे, पण तिच्यावरची कुरकुर थांबलेली नाही. मालमत्ताकरात सफाईपट्टी भरतो, मग हे वेगळे पैसे कशाचे, असा प्रश्न सोसायट्यांच्या बैठकांत हमखास निघतो. प्रश्न रास्त आहे. उत्तरासाठी मात्र दरपत्रकापेक्षा इतिहासाकडे पाहावे लागते. आपल्या नगरपालिकांनी कचऱ्याची जबाबदारी घेतली ती मुख्यतः सार्वजनिक कुंडीपासून पुढची. घराचा उंबरठा आणि ती कुंडी यांमधले अंतर कायद्याने घरमालकावर सोपवले आणि घरमालकाने ते जातिव्यवस्थेवर ढकलले. या एवढ्याशा अंतराचे रास्त मोल पिढ्यान्‌पिढ्या कुणी दिले नाही, म्हणूनच आज ते मागितले की जास्त वाटते.

नगरपालिका येण्याआधी गावात हे काम बलुतेदारीत बसवलेले होते. मेलेली जनावरे ओढणे, गावची घाण दूर करणे ही कामे महारांकडे होती. मोबदल्यात बलुत्याचे धान्य, थोडी वतनाची जमीन आणि दारोदार मागून आणलेली भाकरी मिळे. या व्यवस्थेत दोन्ही बाजूंना हक्क होते, असे तिच्या बाजूने सांगितले जाते. पण ज्या हक्काबरोबर नकाराचे स्वातंत्र्य येत नाही, तो हक्क म्हणजे बांधिलकीच. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1927 मध्ये महाडला मेलेली जनावरे ओढणे सोडा असे आवाहन केले आणि 1928 मध्ये 1874 च्या वतन कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मुंबईच्या विधिमंडळात मांडले. या दोन्ही गोष्टी एकाच विचारातून आल्या होत्या. भाकरीच्या बदल्यात घाण उचलण्याचा करार मोडल्याशिवाय कामाला दाम मिळणार नाही आणि माणसाला मान मिळणार नाही, हे त्यांनी ओळखले होते.

शहरात हा करार मोडेल अशी आशा होती. मुंबईत 1865 मध्ये आर्थर क्रॉफर्ड पालिका आयुक्त झाले आणि सफाई हे सरकारी काम बनू लागले. तोवर शौचकूप साफ करणारे हलालखोर घरे आपापसांत वाटून घेत आणि त्यांचा मोबदला घरवाल्यांकडून येई. पालिकेने त्यांना हळूहळू आपल्या नोकरीत घेतले. 1888 च्या मुंबई महापालिका कायद्याने हलालखोर कर या नावाने स्वतंत्र कर ठेवला. दोन इमारतींमधल्या अरुंद घरगल्लीतून मैल्याच्या टोपल्या काढून नेण्याचे काम अशा रीतीने पालिकेच्या हिशेबात आले. केरकचऱ्याची व्यवस्था मात्र त्याच कायद्याने वेगळी केली. आयुक्ताने पेट्या ठेवाव्यात आणि कचरा पुढे न्यावा, पण घरातला केर गोळा करून ठरल्या वेळी त्या पेटीत टाकण्याची जबाबदारी मालकाची आणि रहिवाशाची. कचरा कुंडीत पडला की तो महापालिकेची मालमत्ता. दार आणि कुंडी यांमधली फट इथे कायद्यातच राहून गेली. चाळीचा मालक किंवा भाडेकरू ती भरून काढण्यासाठी झाडूवाला नेमत. त्याचा दर बाजारात ठरे, आणि हे काम अमुकच जातींनी करायचे हे बाजाराने आधीच धरून ठेवलेले असे.

या कामाचे खरे मोल किती, हे शहराला एकदा लख्ख दिसले होते. 1896 च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. ऑक्टोबरात पालिकेने रुग्णांना सक्तीने इस्पितळात हलवण्याचे अधिकार वापरायला सुरुवात केली आणि शहरात घबराट पसरली. हलालखोर आणि झाडूवाले गाव गाठण्याच्या बेतात आहेत असे दिसताच आयुक्त पी. सी. एच. स्नो यांनी सक्ती सैल केली. हे लोक गेले तर मुंबई राहण्याजोगी उरणार नाही, अशी कबुली त्यांनी पुढे आपल्या अहवालात दिली. व्यापाऱ्यांच्या आणि पुढाऱ्यांच्या अर्जविनंत्यांइतकेच किंवा त्याहून जास्त वजन झाडूवाल्यांच्या संभाव्य गैरहजेरीला पडले. पण ज्यांच्यावाचून शहर चालत नाही त्यांना जास्त पगार द्यावा, हा धडा कुणी घेतला नाही. त्याच्या सहाच वर्षे आधी, 1890 मध्ये, मुंबईत पालिका नोकरांविषयीचा कायदा झाला होता आणि सफाईच्या नोकरांनी पूर्वसूचनेशिवाय काम सोडणे हा त्याने गुन्हा ठरवला होता. काम अत्यावश्यक आहे हे मान्य, म्हणून ते करणाऱ्याला बांधून ठेवायचे, असा हा न्याय होता. एरवी गरज वाढली की मजुरी वाढते. इथे गरज वाढली तशी सक्ती वाढली. आंबेडकरांनी 1935 मध्ये म्युनिसिपल कामगार संघ उभारला तो या पार्श्वभूमीवर.

स्वातंत्र्यानंतर सरकारने या प्रश्नाकडे पाहिले, पण त्या पाहण्यात मैल्याला महत्त्व मिळाले आणि ते योग्यच होते. मुंबई राज्याने 1949 मध्ये वि. ना. बर्वे यांच्या अध्यक्षतेखाली सफाई कामगारांच्या स्थितीची चौकशी समिती नेमली. कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी कणकवलीच्या गोपुरीत साध्या खर्चाचे संडास घडवून या कामातून माणसाला सोडवण्याचा मार्ग शोधला. 1960 च्या दशकात मलकानी समितीने वहिवाटीच्या हक्कांचा अभ्यास केला. अनेक शहरांत सफाई करणाऱ्या कुटुंबांकडे ठराविक घरांचे हक्क होते. ते विकलेही जात आणि गहाणही पडत, पण उत्पन्न बहुधा उरलेले अन्न आणि किरकोळ पैसे एवढेच. भूमिगत गटारे आली तसा डोक्यावरच्या मैल्याचा प्रश्न शहरांच्या मोठ्या भागात मागे पडला. केरकचऱ्याचा तसाच राहिला. मुंबईचा कचरा रेल्वेच्या डब्यांतून चेंबूरकडे आणि 1927 पासून देवनारला जाऊ लागला. कुंडीच्या पुढच्या प्रवासात वाघिणी आल्या, मालमोटारी आल्या. कुंडीच्या अलीकडचा प्रवास हाताने आणि टोपलीनेच होत राहिला.

ही फट बुजवण्याचा एक मोठा प्रयत्न पुण्यात झाला. 1993 मध्ये बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली आणि एसएनडीटी विद्यापीठातल्या कार्यकर्त्यांच्या पुढाकाराने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. सभासद बहुतेक दलित स्त्रिया. त्या कुंडीतून भंगार वेचत आणि चोरीचा संशय झेलत. कुंडीतला माल पालिकेचा ही कायद्याची दृष्टी त्यांच्याविरुद्ध होती. आम्ही श्रमिक आहोत, आमच्या वेचण्याने पालिकेचा वाहतूकखर्च वाचतो, ही त्यांची मांडणी होती, आणि त्यातूनच महापालिकेने त्यांना ओळखपत्रे दिली. दरम्यान 1996 मध्ये अलमित्रा पटेल यांनी सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या याचिकेतून 2000 सालचे घनकचरा नियम आले आणि दारोदार कचरा गोळा करणे पालिकांचे कर्तव्य ठरले. 1888 पासूनची फट नियमाने तेव्हा बुजली. पुण्यात 2008 मध्ये महापालिकेशी करार करून ‘स्वच्छ’ ही वेचकांची सहकारी संस्था या कामात उतरली. घरे मासिक शुल्क देतात, पालिका साधने आणि व्यवस्थापनाचा खर्च उचलते आणि सुका कचरा विकून आलेले पैसे वेचकाचे. 2016 च्या नियमांनी वापरशुल्क आणि वेचकांचा समावेश या दोन्ही गोष्टी देशभर लागू केल्या.

आता मूळ आक्षेपाकडे येऊ. कर भरल्यावर शुल्क कशाला? दारातून होणाऱ्या सेवेची वेगळी आकारणी नवी नाही. हलालखोर कर ही 1888 सालची तशीच आकारणी होती. केरकचऱ्याच्या बाबतीत ती झाली नाही, कारण तो भार झाडूवाल्याच्या स्वस्त श्रमावर टाकता येत होता. गरीब वस्तीला हे शुल्क जड जाते, हा मुद्दा खरा आहे. त्याचा इलाज पालिकेच्या अनुदानात आहे. दर पाडून कचरा उचलणाऱ्या बाईच्या मजुरीतून तो करणे हा इलाज नव्हे. दुसरा आक्षेप असा की मोठा ठेकेदार नेमून गाड्या लावल्या तर काम स्वस्त आणि चोख होईल. ठेक्याचे बिल टनावर निघत असेल, तर कचरा जितका ओला, मिसळलेला आणि जड, तितका ठेकेदाराचा फायदा. वेचकाचा फायदा नेमका उलट, वर्गीकरणात. शिवाय ठेक्यातला स्वस्तपणा कुठून येतो हे मुंबईने पाहिले आहे. कचरा वाहतूक श्रमिक संघाने लढवलेल्या खटल्यात 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 2,700 कंत्राटी कामगारांना कायम करण्याचा निर्णय दिला. वर्षानुवर्षे कायम स्वरूपाचे काम करून त्यांना कायम कामगाराचे हक्क मिळत नव्हते.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. शुल्क आले, ओळखपत्र आले, पण हात त्याच जातींचे राहिले, मग बदलले काय? शुल्काने जात संपत नाही, हे मान्यच करायला हवे. तरी दोन गोष्टी बदलतात. बलुत्यात भाकरी वाढणाऱ्याची मर्जी चाले. इथे दर ठरलेला आहे आणि तो थकला तर संघटना जाब विचारू शकते. 1890 च्या कायद्याने काम सोडणे गुन्हा केले होते. इथे काम सोडता येते, आणि सोडता येते म्हणूनच त्याची किंमत बोलून ठरवता येते. जातीच्या श्रमाचा पाया सक्ती आणि फुकटेपणा हा आहे, त्यामुळे हे दोन बदल वरवरचे नाहीत. मात्र ते अपुरे आहेत. ओला आणि सुका कचरा घरातच वेगळा करणे, सॅनिटरी पॅड वेगळे बांधून देणे, हे घरातल्या माणसाचे काम आहे. ते त्याने केले नाही, तर पैसे देऊनही तो जुनाच व्यवहार चालू ठेवतो, आपली घाण दुसऱ्याच्या हाताने निवडून घेण्याचा. शुल्क पूर्ण आणि वेळेवर देणे आणि कचरा वेगळा करून देणे ही दोन्ही देणी दीडशे वर्षे थकलेली आहेत, आणि ती फेडण्याची जबाबदारी प्रत्येक घराची आहे.