मोठ्याचे लहान करताना

समजा, यवतमाळ जिल्ह्यातल्या लोहाऱ्याच्या शाळेत सहलीचे 300 फोटो आपल्याला लहान करायचे आहेत. आज संगणकाला एक आज्ञा दिली की काम होते. गरज मात्र संगणकाहून जुनी आहे.

1603 साली क्रिस्टोफ शायनर यांनी पँटोग्राफ बनवला. जोडपट्ट्यांच्या या सांगाड्याचे एक टोक मूळ रेषेवरून फिरवले, की दुसरे टोक ठरलेल्या प्रमाणात लहान रेषा काढते. पण प्रत्येक नकाशा हातानेच गिरवावा लागे. 1855 च्या सुमारास ब्रिटनच्या ऑर्डनन्स सर्व्हेत हेन्री जेम्स यांनी या कामाला कॅमेरा जुंपला. पुढे पुण्यातही सरकारी फोटोझिंको छापखाना उभा राहिला.

1957 साली अमेरिकेत रसेल कर्श यांनी आपल्या बाळाचा फोटो संगणकात उतरवला: 176 ओळी, प्रत्येकीत 176 ठिपके. चित्राचे आकडे झाले आणि लहान करणे म्हणजे शेजारच्या ठिपक्यांची सरासरी काढणे झाले. जॉन क्रिस्टी यांनी 1990 मध्ये सर्वांना मोफत दिलेली ‘इमेजमॅजिक’ ही आज्ञावली आज हेच गणित शेकडो फोटोंवर एकदम करते.

आता हिशेब पाहू. 4000×3000 ठिपक्यांचा फोटो 800×600 केला, तर दर 25 ठिपक्यांमागे एकच उरतो. मागच्या रांगेतल्या मुलीचा चेहरा पुसट होतो. सरासरीवरून मूळ आकडे परत मिळत नाहीत. शिवाय इमेजमॅजिकमधली ‘मॉग्रिफाय’ ही आज्ञा, वेगळी जागा सांगितली नाही तर, मूळ फोटोच बदलून टाकते. म्हणून आधी प्रती काढाव्यात, मगच आज्ञा द्यावी.