पालमचं टेम्पेस्ट आणि माझ्या भाच्याचा प्रश्न

दोन वर्षांपूर्वी नात्यातल्या एका लग्नासाठी आम्ही सेवाग्राम स्टेशनवरून दिल्लीला गेलो होतो. लग्न आटोपलं आणि एक दिवस मोकळा मिळाला. बाकीच्यांना जामा मशीद आणि चांदणी चौक पाहायचा होता. माझ्या भाच्याला मात्र पालमचं हवाई दलाचं संग्रहालय पाहायचं होतं. तो तेव्हा दहावीत होता. वहीच्या मागच्या पानांवर विमानं काढायची त्याची जुनी सवय. एनडीएत जायचं असं त्याने घरात सांगितलं, तेव्हा एका वडीलधाऱ्यांनी एका वाक्यात विषय मिटवला होता : "तिथं आपल्याला कोण घेतंय?"

संग्रहालयात तो प्रत्येक विमानापाशी थांबत होता. अर्ध्या तासाने माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "मामू, इसमें अपना कोई था क्या?"

मी शिक्षक आहे. मुलांच्या प्रश्नाला उत्तर द्यायची मला सवय आहे. पण त्या दिवशी हवालदार अब्दुल हमीद यांच्यापलीकडे नाव सुचेना, आणि ते तर पायदळातले. घरी आल्यावर मी वाचायला बसलो. वाचता वाचता लक्षात आलं, की उत्तर आमच्या समोरच उभं होतं. त्या शेडमधल्या विमानांच्या ओळीतून चालत गेलं, तर एकाच माणसाचं आयुष्य वाचता येतं. त्यांचं नाव एअर चीफ मार्शल इद्रिस हसन लतीफ.

ओळीतलं सगळ्यात जुनं विमान वापिती. दोन पंखांच्या जोड्या, कापडाने मढवलेला सांगाडा, वैमानिकाची बसायची जागा उघडी. वेग ताशी सव्वादोनशे किलोमीटरच्या आतबाहेर. फौजेचा निरोप जमिनीवरून उचलून घ्यायला या विमानांना खाली एक आकडा लावलेला असे. जगात हे एकच वापिती शिल्लक आहे असं म्हणतात. भारतीय हवाई दलाची स्थापना ८ ऑक्टोबर १९३२ ची. पुढच्या वर्षी १ एप्रिलला कराचीच्या ड्रिग रोडवर पहिली स्क्वाड्रन उभी राहिली, तेव्हा तिच्याकडे अशी चार विमानं होती. क्रॅनवेलला शिकून आलेले पहिले वैमानिक पाच. सुब्रतो मुखर्जी त्यांत होते, आणि ऐझाद बख्श अवानही होते. म्हणजे 'अपना कोई' पहिल्या दिवसापासून होता.

लतीफ यांचा जन्म हैदराबादचा, ९ जून १९२३ चा. निजाम कॉलेजात शिकले आणि १९४२ मध्ये, एकोणिसावं वर्षही पूर्ण व्हायच्या आत, हवाई दलात अधिकारी झाले. पहिली नेमणूक कराचीला. काम अरबी समुद्रावर पाणबुड्यांचा शोध घेण्याचं, आणि हाताशी वापितीसारखी तेव्हाच जुनाट झालेली विमानं. इंजिन बंद पडलं तर खाली नुसतं पाणी.

वापितीनंतर हरिकेन आणि स्पिटफायर. पुस्तकात ज्यांची चित्रं आपण पाहतो ती ही दुसऱ्या महायुद्धातली विमानं. १९४३ मध्ये काही मोजक्या भारतीय वैमानिकांना इंग्लंडला पाठवलं गेलं, त्यांत लतीफ होते. तिथे ते ही दोन्ही विमानं शिकले. परत आल्यावर ब्रह्मदेशच्या आघाडीवर जपान्यांविरुद्ध लढले. त्या काळात हवाई दलातल्या त्यांच्या सहकाऱ्यांत दोन नावं होती : असगर खान आणि नूर खान.

मग १९४७ आलं. फाळणीत फक्त जमीन वाटली गेली नाही. विमानं, हत्यारं, सुटे भाग, कागदपत्रं, सगळ्यांची वाटणी झाली. ज्या कराचीत हवाई दलाचा जन्म झाला ती पलीकडे गेली. टेम्पेस्ट विमानं इकडेही राहिली आणि तिकडेही गेली. मुसलमान अधिकाऱ्यांना विचारलं गेलं, कुठे जाणार? असगर खान आणि नूर खान पाकिस्तानात गेले. त्यांनी लतीफ यांनाही आग्रह केला. लतीफ यांनी नकार दिला. माझा धर्म आणि माझा देश या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, अशी त्यांची भूमिका होती.

इथे मला थोडं थांबावंसं वाटतं. या निर्णयाबद्दल बोलताना एक गोष्ट आपण विसरतो. लतीफ हैदराबादचे. ऑगस्ट १९४७ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात सामील झालेलंच नव्हतं. ते झालं सप्टेंबर १९४८ मध्ये, पोलीस कारवाईनंतर. आपला मराठवाडा त्याच संस्थानाचा भाग होता, त्यामुळे तो काळ किती घालमेलीचा होता हे तिथल्या घराघरांत आजही सांगितलं जातं. चोवीस वर्षांच्या एका तरुणाने, आपलं घर ज्या संस्थानात आहे त्याचाच निकाल लागलेला नसताना, स्वतःचा निकाल लावून टाकला. त्याला कोणी पुरावा मागितला नव्हता. पलीकडे तर बढतीची दारं उघडी होती. पुढे असगर खान आणि नूर खान दोघेही पाकिस्तानी हवाई दलाचे प्रमुख झाले, आणि १९६५ च्या युद्धात तिकडचं नेतृत्व नूर खान यांच्याकडे होतं. ब्रह्मदेशात एकाच दलातून लढलेली माणसं अठरा-वीस वर्षांनी समोरासमोरच्या दोन दलांत होती.

आता टेम्पेस्ट. संग्रहालयातलं हे विमान आमचा भाचा सगळ्यात जास्त वेळ पाहत होता, आणि ते पाहण्यासारखंच आहे. पुढे अठरा सिलिंडरचं सेंटॉरस इंजिन, ताकद अडीच हजार अश्वशक्तीच्या घरात, वेग ताशी सातशे किलोमीटरपर्यंत. जेट येण्याआधी पंख्याच्या विमानाने गाठलेली ही जवळजवळ शेवटची पायरी. काश्मीरच्या पहिल्या लढाईत ही विमानं वापरली गेली. टेम्पेस्ट उडवणाऱ्या चार नंबरच्या स्क्वाड्रनचं नेतृत्व लतीफ यांनी केलं. आणि २६ जानेवारी १९५० ला, देश प्रजासत्ताक झाला त्या दिवशी, दिल्लीवरून जी विमानं उडाली त्यांच्या पुढे स्क्वाड्रन लीडर लतीफ होते. राज्यघटना ज्या दिवशी लागू झाली, त्या दिवशीच्या आकाशातलं हे चित्र शाळेच्या पुस्तकात असायला हवं होतं.

नंतरची विमानं मी भराभर सांगतो. व्हॅम्पायर, तुफानी, मिस्तेर, हंटर, नॅट. आणि मिग-२१, ज्याचा कारखाना आपल्या नाशिकजवळ ओझरला उभा राहिला. या सगळ्या विमानांच्या काळात लतीफ एकेक पायरी चढत राहिले. १ सप्टेंबर १९७८ ला ते हवाई दलाचे प्रमुख झाले. त्या पदावर पोचलेले ते आजवरचे एकमेव मुसलमान. त्यांच्याच कारकिर्दीत, १९७९ मध्ये, जग्वार विमानं दलात आली. ती आजही उडताहेत. १९८१ मध्ये निवृत्त झाले आणि १९८२ ते १९८५ आपल्या महाराष्ट्राचे राज्यपाल होते. माझ्या लहानपणी आपल्या राज्याचे राज्यपाल हे होते, आणि मला शिक्षक होऊनही त्यांची गोष्ट ठाऊक नव्हती, याची लाज वाटते. ३० एप्रिल २०१८ ला हैदराबादेत त्यांचं निधन झालं.

अब्दुल हमीद यांचं नाव आपल्या मोहल्ल्यातल्या प्रत्येक मुलाला माहीत असतं, आणि ते असायलाच हवं. पण मनात एक विचार येतो. देशावर प्रेम आहे हे सांगायची वेळ आली, की आपण लगेच शहीदांचं नाव घेतो. जणू मरणाशिवाय दुसरी साक्ष चालणारच नाही. लतीफ यांची साक्ष वेगळी आहे. जवळजवळ चाळीस वर्षं रोज कामावर जाणं. नवं विमान आलं की पुन्हा विद्यार्थी होणं. हाताखालच्या माणसांची काळजी घेणं, हिशेब ठेवणं, वेळेवर निवृत्त होणं. ही साक्ष गाण्यात बसत नाही, पण दहावीतल्या मुलाच्या कामाची हीच आहे. त्याला मरायचं नाहीये, त्याला विमान उडवायचं आहे.

वडीलधाऱ्यांची भीतीही मी खोटी म्हणणार नाही. आपल्या मुलांच्या वाट्याला काय येतं हे त्यांनी पाहिलेलं असतं. पण "आपल्याला कोण घेतंय" असं म्हणून आपण फॉर्मच भरला नाही, तर नाकारायचं काम आपणच करून टाकतो. एनडीए आपल्याच महाराष्ट्रात, खडकवासल्याला आहे. तिच्या तयारीसाठी राज्य सरकारची संस्था १९७७ पासून औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला चालते. आपल्या किती मुलांना, किती शिक्षकांना हे माहीत आहे?

ही सगळी गोष्ट मी भाच्याला एका रविवारी सांगितली. तो ऐकत राहिला. मग त्याने विचारलं, "मामू, टेम्पेस्टपाशी त्यांचं नाव का नाही लिहिलं?"

मी म्हणालो, विमानाच्या पाटीवर इंजिनाची ताकद लिहितात, चालवणाऱ्यांची नावं शोधावी लागतात. यंदा तो बारावीत आहे. एनडीएचा फॉर्म त्याने भरला. सही करायला त्याने त्या वडीलधाऱ्यांचंच पेन मागून घेतलं.