भांदकचा चिनी पाहुणा, शतावरी आणि ‘वांझ’ हा शब्द

चंद्रपूरपासून जवळच असलेल्या भद्रावतीला, म्हणजे जुन्या भांदकला, विजासन टेकडीत बौद्ध लेणी आहेत. ती पाहायला जाणाऱ्या तरुणांना वाटाडे हमखास सांगतात की युआन श्वांग येथे येऊन गेला. आजचा धागा त्या पाहुण्यापासून सुरू होतो आणि मूल न होणाऱ्या जोडप्यांपर्यंत जातो. वाट थोडी लांबची आहे, पण जंगलातूनच जाते.

इ.स. ६३९च्या सुमारास युआन श्वांग कलिंगाकडून ‘कोसल’ नावाच्या देशात आला. अयोध्येचे ते कोसल नव्हे, हे दक्षिण कोसल. त्याची राजधानी कोठे होती यावर एकोणिसाव्या शतकात बराच वाद झाला. कनिंगहॅम यांनी चांद्याकडे बोट दाखवले, तर फर्ग्युसन यांनी आज गडचिरोली जिल्ह्यात असलेल्या वैरागडाकडे. भांदकचेही नाव पुढे आले. अलीकडचे बहुतेक अभ्यासक छत्तीसगडमधील सिरपूरला कौल देतात. तेव्हा वाटाड्याचे म्हणणे शपथेवर घेऊ नये. पण हा प्रवासी या अरण्यपट्ट्याच्या आसपास वावरला, एवढे मान्य करायला हरकत नाही.

या देशाचे वर्णन करताना तो रमतो ते नागार्जुनाच्या कथेत. नागार्जुन औषधविद्येत इतका निपुण होता की त्याच्या औषधाने सातवाहन राजा शेकडो वर्षे जगला, आणि सिंहासनाची वाट पाहून कंटाळलेल्या राजपुत्राने अखेर नागार्जुनाचे मस्तकच दान मागितले. कथा म्हणून ती अद्भुत आहे. इतिहास म्हणून तिच्यातून एवढेच घ्यायचे की चिनी वाचकाच्या मनात दक्षिण कोसल हा औषधांचा प्रदेश म्हणून नोंदला गेला.

६४५ साली युआन श्वांग छांगआनला परतला. त्याच काळात त्याच परिसरात सुन सिमिआओ नावाचा वैद्य एक प्रचंड ग्रंथ लिहीत होता. ६५२च्या सुमारास पूर्ण झालेल्या या ग्रंथाच्या नावाचा आशय असा: आणीबाणीच्या प्रसंगी उपयोगी पडणारी, हजार सुवर्णमुद्रांच्या मोलाची औषधे. सुन सिमिआओच्या लेखनात भारतीय वैद्य जीवक याचे नाव येते, त्याच्या नावाची गोळीही येते. म्हणजे ज्ञानाची ये-जा चालू होती.

या ग्रंथाची रचना पाहण्यासारखी आहे. आरंभीची सर्वसाधारण चर्चा संपताच पहिला मान स्त्रियांच्या रोगांना मिळतो, आणि त्यातही पहिले प्रकरण अपत्यप्राप्तीचे. तेथे सुन सिमिआओ जे म्हणतो त्याचा आशय असा: मूल होत नसेल तर पती आणि पत्नी दोघांच्याही शरीरातील क्षीणता त्याला कारण असते. म्हणून औषधेही दोन. पुरुषासाठी सात बियांचे चूर्ण, स्त्रीसाठी ‘जांभळा दगड आणि मेनदुंग’ यांच्या गोळ्या. क्रमात पुरुषाचे चूर्ण आधी येते!

त्या गोळीतील ‘मेनदुंग’ म्हणजे थिएनमेनदुंग. ही वनस्पती आपल्या शतावरीची सख्खी चुलत बहीण आहे, एकाच प्रजातीतील दोन जाती. शतावरी चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात आढळते, आणि वाग्भटाने अष्टांगहृदयात गर्भधारणेसाठी सांगितलेल्या फलघृतातही ती आहे. हिमालयाच्या दोन्ही बाजूंच्या वैद्यांनी एकाच कुळातल्या कंदमुळाला एकाच कामासाठी निवडले. कोणी कोणाकडून घेतले, की दोघांनी स्वतंत्रपणे शोधले, या वादात मी पडत नाही. फक्त एक सांगतो: त्या चिनी गोळीत वीसहून अधिक द्रव्ये आहेत आणि त्यांत बचनागाच्या कुळातील विषारी मुळीही आहे. जुने ते निरुपद्रवी, असे समजून कोणी घरी खलबत्ता काढू नये.

आता आपल्या भाषेकडे या. ‘वांझ’, ‘वांझोटी’ हे शब्द ऐकताच डोळ्यांसमोर स्त्रीच येते. पुरुषासाठी तितका बोचरा शब्द मराठीने घडवलाच नाही. सुश्रुताने गर्भधारणेला ऋतू, क्षेत्र, अंबू आणि बीज असे चार घटक सांगितले, चरकाने पुरुषाच्या शुक्रदोषांची सविस्तर चर्चा केली. पण पोथीतले हे शहाणपण ओसरीपर्यंत पोचले नाही. तेथे व्रत, नवस, मांत्रिक, जडीबुटी आणि शेवटी सवत. प्रत्येक उपाय सुनेवरच.

त्या सुनेच्या शरीरात नेमके काय बिघडले आहे, हे कोणी तपासले होते का? याचे उत्तर गडचिरोलीतूनच आले. १९८६ साली ‘सर्च’ संस्था स्थापन करणाऱ्या डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी सहकाऱ्यांसह वसा आणि अमिर्झा या दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापून आले, तेव्हा जगभरचे आरोग्यतज्ज्ञ थक्क झाले. ९२ टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग होता. प्रत्येकीमागे सरासरी ३.६ रोग. आणि यापूर्वी कधी स्त्रीरोगाची तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या अवघ्या ८ टक्के. आढळलेल्या आजारांत जंतुसंसर्गाचा वाटा मोठा होता. असा संसर्ग उपचाराविना वर जात राहिला तर गर्भनलिका बंद होऊ शकतात. क्षयरोगही तेच करतो. बंद झालेली नलिका शतावरीने उघडत नाही, थिएनमेनदुंगनेही नाही.

याच राणी बंगांनी ‘गोईण’ लिहून येथील स्त्रियांचे झाडाझुडपांशी असलेले नातेही जपून ठेवले. गोईण म्हणजे मैत्रीण. जंगलाच्या ज्ञानाविषयी आदर आणि प्रयोगशाळेचा आग्रह एका माणसात सुखाने नांदू शकतात, हे मला त्यांच्या कामात दिसते.

चिनी वैद्यकाची परीक्षा खुद्द चीनमध्येही झाली आहे. पीसीओएसमुळे मूल न होणाऱ्या १००० स्त्रियांवर तेथील २१ केंद्रांत अॅक्युपंक्चरचा प्रयोग झाला. २०१७ साली तो ‘जामा’मध्ये आला. खऱ्या सुया टोचलेल्यांत २१.८ टक्के आणि नावापुरत्या टोचलेल्यांत २२.४ टक्के स्त्रियांना जिवंत मूल झाले. फरक पडला तो क्लोमिफेन या साध्या गोळीने: २८.७ टक्के, तर तिच्या जागी निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांत १५.४.

आज वंध्यत्वाच्या तपासात सर्वांत सोपी आणि स्वस्त चाचणी पुरुषाची असते, वीर्यतपासणी. तरीही दवाखान्याच्या बाकावर बहुतेक वेळा एकटी सूनच बसलेली असते, फार तर सोबत सासू. नवरा बाहेर गाडीजवळ उभा असतो.