मच्छिंद्र : तोरणमाळच्या गुहेपासून योगवर्गापर्यंत पोहोचलेल्या नावाचा अर्थ काय?

नंदुरबार जिल्ह्यातील तोरणमाळला फिरायला गेलेले लोक यशवंत तलाव आणि सीताखाईचे फोटो हमखास टाकतात. त्याच पठारावर मच्छिंद्रनाथांची गुहा आहे आणि त्यांचे शिष्य गोरखनाथ यांचे मंदिरही आहे. ठिकाण ओळखीचे झाले, पण ‘मच्छिंद्र’ हे नाव मात्र आज बारशाच्या यादीत क्वचितच दिसते. वर्गात हे नाव असलेला मुलगा असलाच, तर त्याला ‘मच्छी’ किंवा ‘मच्छर’ म्हणून चिडवणारेही भेटतात. हे नाव नेमके आले कुठून, त्याचा अर्थ काय आणि ते मागे का पडले, हे समजून घेऊया.

थोडक्यात माहिती

• नाव : मच्छिंद्र (मुलाचे नाव)
• मूळ संस्कृत रूप : मत्स्येंद्र
• शब्दशः अर्थ : माशांमध्ये श्रेष्ठ, माशांचा स्वामी
• इतर रूपे : मच्छिंद्रनाथ, मत्स्येंद्र, मत्स्येंद्रनाथ, मछिंदर (हिंदी)
• नावरास : ‘म’ अक्षरावरून सिंह
• जोडीचे नाव : गोरख किंवा गोरक्ष

शब्द कसा तयार झाला?

‘मत्स्य’ म्हणजे मासा आणि ‘इंद्र’ म्हणजे श्रेष्ठ किंवा राजा. दोन्हींचा संधी होऊन ‘मत्स्येंद्र’ हे नाव तयार होते. नर आणि इंद्र मिळून नरेंद्र होते, तसेच हे.

लोकांच्या बोलण्यात संस्कृत शब्द बदलत गेले. प्राकृतात ‘मत्स्य’चा ‘मच्छ’ झाला. जोडाक्षराआधीचा ‘ए’ आखूड होऊन ‘इ’ झाला. पंजाबीत नरेंद्रचे ‘नरिंदर’ होते, त्याच वळणाने मत्स्येंद्रचे ‘मच्छिंद’ झाले. मराठीने शेवटचा ‘इंद्र’ संस्कृतसारखा ठेवला आणि ‘मच्छिंद्र’ हे रूप रूढ झाले. म्हणजे नावाचा पहिला भाग प्राकृत आणि दुसरा संस्कृत आहे.

आपला रोजचा ‘मासा’ हा शब्दही ‘मत्स्य’वरूनच आला आहे. ‘वत्स’पासून ‘वासरू’ आले, तसा ‘मत्स्य’पासून ‘मासा’. तेव्हा मच्छिंद्र, मच्छी आणि मासा हे एकाच घराण्यातले शब्द आहेत. ‘मच्छिंद्र’ म्हणजे ‘मत्स्येंद्र’चा अशुद्ध उच्चार, असे कोणी म्हणत असेल तर ते बरोबर नाही. हे शेकडो वर्षे लोकांच्या तोंडी असलेले स्वतंत्र रूप आहे.

दुसरा अर्थ : जाळे कापणारा

बहुतेक नावांच्या याद्या ‘माशांचा राजा’ हा अर्थ देऊन थांबतात. पण या नावाचा आणखी एक जुना अर्थ आहे. काश्मीरचे थोर आचार्य अभिनवगुप्त यांनी इ. स. 1000च्या सुमारास लिहिलेल्या ‘तंत्रालोक’ या ग्रंथाच्या सुरुवातीला ‘मच्छंद’ या सिद्धाला वंदन केले आहे. त्यावर टीका लिहिणाऱ्या जयरथाने या नावाची फोड वेगळी केली. त्याच्या मते ‘मच्छ’ म्हणजे पाश, म्हणजेच मनाच्या चंचल वृत्ती. त्या ज्याने छेदल्या तो मच्छंद.

मासा पाण्यात एका जागी थांबत नाही, तसे मनही थांबत नाही. या अर्थाने मच्छिंद्र म्हणजे मनावर ताबा असलेला.

या उल्लेखावरून मत्स्येंद्रनाथांच्या काळाचाही अंदाज बांधता येतो. इ. स. 1000च्या सुमारास काश्मीरमध्ये त्यांना आद्य गुरू मानले जात होते, म्हणजे ते त्याआधी होऊन गेले. अभ्यासक साधारणपणे 9वे ते 10वे शतक हा काळ मानतात.

माशाच्या पोटातून जन्म

महाराष्ट्रात हे नाव घराघरात पोहोचले ते ‘नवनाथ भक्तिसार’ या पोथीमुळे. मालू कवीने ही 40 अध्यायांची पोथी शके 1741, म्हणजे 1819 साली पूर्ण केली. तिच्यातील कथेनुसार शंकर पार्वतीला यमुनेकाठी गूढ ज्ञान सांगत होते. पाण्यातील एका मासळीच्या गर्भात असलेल्या बाळाने ते ऐकले. पुढे ते बाळ एका कोळ्याला सापडले आणि त्याने ते वाढवले. तेच मच्छिंद्रनाथ.

गोरखनाथांच्या जन्माची कथाही मच्छिंद्रांशी जोडलेली आहे. मच्छिंद्रांनी मूल नसलेल्या एका बाईला भस्म दिले. तिने ते उकिरड्यावर टाकले. बारा वर्षांनी मच्छिंद्र परत आले आणि त्याच जागेतून गोरख बाहेर आला.

याच परंपरेतील सर्वांत प्रसिद्ध प्रसंग स्त्रीराज्याचा. मच्छिंद्र तिथल्या मोहात रमले आणि आपली वाट विसरले. शिष्य गोरख वेश बदलून दरबारात पोहोचला. त्याने मृदंगाच्या बोलांतून गुरूला हाक दिली आणि परत आणले. या कथेमुळे काही पालक हे नाव ठेवताना बिचकतात : मोहात अडकलेल्याचे नाव मुलाला कशाला? पण नाथपंथात ही कथा गुरूच्या बदनामीसाठी सांगितली जात नाही. मोठ्यातला मोठा माणूसही वाट चुकू शकतो आणि शिष्याने दिलेली जागही गुरूने स्वीकारावी, असा तिचा रोख आहे.

तोरणमाळशी नाते

सातपुड्यात सुमारे 1,150 मीटर उंचीवर असलेले तोरणमाळ अक्राणी (धडगाव) तालुक्यात येते. आसपास प्रामुख्याने भिल्ल आणि पावरा समाजाची वस्ती आहे. शहाद्याकडून वर जाणारा वळणावळणांचा घाट ‘सात पायरी’ म्हणून ओळखला जातो.

मच्छिंद्रनाथांनी इथल्या गुहेत तप केले, अशी श्रद्धा आहे. महाशिवरात्रीला गोरखनाथ मंदिराची मोठी यात्रा भरते. महाराष्ट्रासह मध्य प्रदेश आणि गुजरातमधून भाविक येतात, त्यांतले अनेक जण पायी डोंगर चढतात. गुरूची गुहा आणि शिष्याचे मंदिर एकाच पठारावर असल्यामुळे मच्छिंद्र आणि गोरख ही नावे इथे जोडीनेच घेतली जातात.

महाराष्ट्रात आणि बाहेर

• सप्तशृंगगड (नाशिक) : मत्स्येंद्र आणि चौरंगी यांची भेट सप्तशृंगीवर झाल्याचा उल्लेख ज्ञानेश्वरीच्या 18व्या अध्यायात आहे.
• मायंबा, सावरगाव (बीड) : आष्टी तालुक्यातील हे ठिकाण मच्छिंद्रनाथांची समाधी म्हणून प्रसिद्ध आहे.
• मच्छिंद्रगड : सांगली जिल्ह्यातील वाळवा तालुक्यात या नावाचा किल्ला आहे. ठाणे जिल्ह्यातील मुरबाड तालुक्यात गोरखगडाच्या शेजारचा सुळकाही मच्छिंद्रगड म्हणून ओळखला जातो.
• नेपाळ : पाटण शहरात रातो मच्छिंद्रनाथांची रथयात्रा निघते. त्यांना पावसाचे दैवत मानतात. तिथले बौद्ध याच देवाला करुणामय अवलोकितेश्वर म्हणून पूजतात.

वारकऱ्यांसाठीही हे नाव परके नाही. ज्ञानेश्वरांनी 1290 साली पूर्ण केलेल्या ज्ञानेश्वरीच्या शेवटी आपली गुरुपरंपरा दिली आहे : आदिनाथ, मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती आणि मग ज्ञानेश्वर. ज्ञानेश्वर हे नाव आजही आवडीने ठेवले जाते. त्याच परंपरेच्या आरंभी असलेले नाव मात्र मागे राहिले.

जगभर पोहोचलेले नाव

योगाच्या वर्गात ‘अर्धमत्स्येंद्रासन’ केले असेल, तर तुम्ही हे नाव नकळत घेतलेच आहे. पाठीच्या कण्याला पीळ देणारे हे आसन मत्स्येंद्रांच्या नावाने ओळखले जाते. 15व्या शतकातील ‘हठप्रदीपिका’ या ग्रंथातही मत्स्येंद्रांच्या आसनाचे वर्णन आहे.

पडद्यावर आणि रंगभूमीवरही हे नाव गाजले. प्रभात फिल्म कंपनीने 1932 साली ‘माया मच्छिंद्र’ हा बोलपट काढला. दिग्दर्शक व्ही. शांताराम होते, तर प्रमुख भूमिकांत गोविंदराव टेंबे आणि दुर्गा खोटे. पुढच्या काळात या नावाची सर्वांत मोठी ओळख ठरले अभिनेते मच्छिंद्र कांबळी (1947–2007). गंगाराम गवाणकर यांच्या ‘वस्त्रहरण’ नाटकातील त्यांचा तात्या सरपंच अजून लोकांच्या लक्षात आहे. या नाटकाने मालवणी बोली थेट लंडनच्या रंगमंचावर नेली.

नाव मागे का पडले?

आज मच्छिंद्र नावाची माणसे भेटतात ती मुख्यतः आजोबांच्या आणि काका-मामांच्या पिढीत. नगर, बीड, नाशिक अशा नाथपंथाचा प्रभाव असलेल्या भागांत मच्छिंद्र, गोरख, कानिफनाथ, नवनाथ ही नावे नवसाने किंवा श्रद्धेने ठेवली जात. पुढे दोन-तीन अक्षरी, उच्चारायला हलक्या नावांची पसंती वाढली. जोडाक्षरे असलेली नावे गावाकडची, जुनाट वाटू लागली. ‘मच्छर’शी जुळणारा उच्चार हेही एक कारण. गंमत म्हणजे हिंदीतला ‘मच्छर’ हा कीटक आहे, त्याचा या नावाशी काही संबंध नाही.

हे नाव ठेवायचे असेल तर

1. स्पेलिंग आधीच ठरवा. रोमन लिपीत या नावात ‘एच’ एक की दोन, ‘आय’ की ‘ई’ याबद्दल गोंधळ होतो. 1 ऑक्टोबर 2023 पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार, त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मदाखला हा जन्माचा मुख्य पुरावा आहे. त्यावरचे स्पेलिंगच पुढे सगळीकडे लागते.

2. घाई नको. जन्माची नोंद 21 दिवसांत करायची असते, पण नाव नंतरही घालता येते. नोंदणीपासून 12 महिन्यांपर्यंत विनाशुल्क आणि त्यानंतर 15 वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून.

3. पर्यायही आहेत. नाथपरंपरा हवी पण उच्चार वेगळा हवा, तर मत्स्येंद्र, गोरक्ष, मीननाथ, गहिनीनाथ किंवा निवृत्ती यांचा विचार करता येतो. ‘नवनाथ भक्तिसार’मध्ये मीननाथ हा मच्छिंद्रांचा मुलगा आहे, तर काही परंपरा दोघांना एकच मानतात.

4. मुलाला नावाची गोष्ट सांगा. शाळेत कोणी चिडवले, तर ‘माझ्या नावाचे एक आसन आहे’ हे उत्तर त्याच्याकडे तयार हवे.